तटस्थ मतांसाठी एकच कळ: एका ऑनलाइन मतदान सेवेचा अनुभव

आमच्या संस्थेने गेल्या दोन वर्षांत चार वेळा एकाच ऑनलाइन मतदान सेवेवर मतदान घेतले आणि चारही वेळी निवडणूक अधिकारी म्हणून जबाबदारी माझ्याकडे होती. सेवेचे नाव मी येथे देत नाही. ज्या दोषाविषयी लिहायचे आहे तो अशा इतर सेवांतही असू शकतो, आणि वाचकाने नाव लक्षात ठेवण्याऐवजी मतदान सुरू करण्यापूर्वी नेमके काय तपासायचे ते लक्षात ठेवावे, अशी माझी इच्छा आहे. सेवेच्या बऱ्याच बाजू चांगल्या आहेत. परंतु तटस्थ मतांची मोजणी ती ज्या पद्धतीने करते, त्यामुळे आमचा एक महत्त्वाचा ठराव अडकला आणि नऊ सभासदांच्या मताचा त्यांच्या मनात नसलेला अर्थ लावला गेला.

चांगल्या बाजू आधी सांगतो. मतदारयादी चढवणे सोपे आहे, एकच ईमेल पत्ता दोनदा आल्यास यंत्रणा लगेच सूचना देते, प्रत्येक मतदाराला एकदाच वापरता येणारा दुवा मिळतो आणि मत नोंदवल्यावर एक सांकेतिक क्रमांक मिळतो, ज्याच्या आधारे आपले मत मोजणीत आले की नाही हे मतदाराला पाहता येते. कोणी काय मत दिले हे मला, म्हणजे निवडणूक अधिकाऱ्यालाही, दिसत नाही. मुदत संपेपर्यंत अंतरिम आकडे झाकलेले राहतात, ही गोष्ट मला विशेष आवडली, कारण मतदान चालू असताना कल कळला की उरलेल्या मतदारांवर त्याचा दबाव येतोच.

आता मूळ मुद्दा. नवे मतदान तयार करताना ‘बाजूने’, ‘विरोधात’ आणि ‘तटस्थ’ असे तीन पर्याय मतपत्रिकेवर ठेवता येतात. त्याखाली ‘तटस्थ मते मोजणीत धरावीत’ अशी एक कळ असते आणि ती चालू किंवा बंद एवढेच करता येते. मोजणीत धरणे म्हणजे कोणत्या मोजणीत धरणे, याचा खुलासा तेथे नाही. पहिल्या दोन मतदानांत निकाल इतके एकतर्फी लागले की ही कळ चालू असती काय किंवा बंद असती काय, फरक पडला नसता. त्यामुळे तिचा खरा अर्थ आमच्या ध्यानात आला तो तिसऱ्या वेळी, नियमावलीतील दुरुस्तीच्या ठरावावर.

त्या वेळी आमचे सभासद १२४ होते. नियमावलीनुसार गणपूर्तीसाठी निम्म्या, म्हणजे ६२ सभासदांचा सहभाग आवश्यक होता आणि दुरुस्तीसाठी ‘मतदानात भाग घेतलेल्यांच्या दोन-तृतीयांश’ बहुमत आवश्यक होते. मुदत संपली तेव्हा ठरावाच्या बाजूने ४१, विरोधात १७ आणि तटस्थ ९ अशी एकूण ६७ मते नोंदली गेली होती. कळ चालू होती. निकालपत्रावर ६१.२ टक्के हा आकडा आणि ‘ठराव नामंजूर’ हे शब्द आले. यंत्रणेने ४१ ला ६७ ने भागले होते. ६७ चे दोन-तृतीयांश म्हणजे किमान ४५ मते हवी होती आणि ती नव्हती.

त्याच संध्याकाळी मी तीच मते कळ बंद करून पुन्हा मोजून पाहिली, कारण सेवा तशी चाचणी-मोजणी करू देते. आता तटस्थ मते छेदातून वगळली गेली, ४१ ला ५८ ने भागले गेले आणि ७०.७ टक्के हा आकडा आला, जो दोन-तृतीयांशांपेक्षा स्पष्टपणे अधिक आहे. परंतु निकाल या वेळीही ठरावाच्या विरुद्धच होता, कारण त्याच कळीने ती नऊ मते गणपूर्तीतूनही काढून टाकली होती. उपस्थिती ५८ धरली गेली, ६२ चा आकडा गाठला गेला नाही, आणि पडद्यावर ‘गणपूर्तीअभावी मतदान अवैध’ असा शेरा उमटला. कळ चालू ठेवली तर ठराव पडतो आणि बंद केली तर मतदानच रद्द होते. ज्या नऊ जणांनी ‘या प्रश्नावर माझे मत नाही’ एवढेच सांगितले होते, त्यांच्यामुळे ठराव दोन्ही वाटांनी अडला.

सेवेच्या रचनेतील चूक मला येथेच दिसते. तटस्थ मत देणारा सभासद एकाच वेळी दोन गोष्टी सांगत असतो. पहिली अशी की, मी या निर्णयप्रक्रियेत हजर आहे, मला सूचना मिळाली आहे, मी प्रश्न वाचला आहे आणि निर्णय व्हावा याला माझी हरकत नाही. दुसरी अशी की, हो आणि नाही यांतून निवड करण्याचे काम मी इतरांवर सोपवतो. पहिली गोष्ट गणपूर्तीशी संबंधित आहे आणि दुसरी बहुमताच्या छेदाशी. तटस्थ मत गणपूर्तीत धरायचे की नाही आणि छेदात धरायचे की नाही, हे दोन स्वतंत्र प्रश्न असल्यामुळे त्यांना दोन स्वतंत्र कळा हव्यात. माझ्या मते सर्वसाधारण ठरावांसाठी पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘धरावे’ आणि दुसऱ्याचे ‘धरू नये’ असे असले पाहिजे. नेमकी हीच जोडणी या सेवेत करता येत नाही.

हे केवळ माझे वैयक्तिक मत आहे असेही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या कार्यपद्धतीच्या नियम ८६ मध्ये ‘उपस्थित आणि मतदान करणारे सदस्य’ म्हणजे बाजूने किंवा विरोधात मत देणारे सदस्य, अशी व्याख्या आहे आणि तटस्थ राहणारे मतदान न करणारे समजले जातात. ते सभागृहात असतात, त्यांची तटस्थता नोंदली जाते, परंतु महत्त्वाच्या प्रश्नांवरील दोन-तृतीयांश बहुमताच्या हिशेबात ते येत नाहीत. आंतरराष्ट्रीय मानके ठरवणारी आयएसओ ही संस्था मानकाच्या मसुद्यावर मत घेते तेव्हा मतदान करणाऱ्या सहभागी सदस्यांपैकी दोन-तृतीयांश बाजूने असावे लागतात आणि एकूण मतांपैकी एक-चतुर्थांशापेक्षा अधिक विरोधात असून चालत नाही. ही दोन्ही प्रमाणे काढताना तटस्थ मते वगळली जातात. त्याच नियमांत ज्या विरोधी मतासोबत तांत्रिक कारण दिलेले नाही तेही वगळले जाते. नकार देणाऱ्याने कारण द्यावे आणि ज्याच्याकडे कारण नाही त्याला तटस्थ राहण्याची सन्माननीय वाट असावी, हा त्यामागचा विचार मला फार योग्य वाटतो.

तटस्थ मत छेदात धरले की काय होते, हे साध्या अंकगणितानेही दाखवता येते. दोन-तृतीयांश बहुमताच्या नियमात प्रत्येक विरोधी मताची भरपाई करण्यासाठी बाजूची दोन मते लागतात. छेदात तटस्थ मत धरल्यास त्याच्या भरपाईसाठीही बरोबर दोनच मते लागतात. म्हणजे मोजणीच्या दृष्टीने तटस्थ आणि विरोधात या दोन पर्यायांत तसूभरही फरक उरत नाही. मतपत्रिकेवर तीन पर्याय छापलेले असतात आणि मोजणी मात्र दोनच ओळखते. मतदाराला तीन पर्याय दाखवायचे आणि त्यांतील दोन गुपचूप एकत्र करायचे, हे मला अप्रामाणिकपणाचे वाटते, मग ते कोणी जाणूनबुजून केलेले नसले तरीही.

इटलीच्या सिनेटमध्ये अनेक दशके असाच नियम होता. बहुमत उपस्थितांच्या संख्येवर मोजले जाई आणि त्यामुळे तटस्थ मत विरोधी मतासारखेच परिणाम करी. ज्या सिनेटरांना खरोखर तटस्थ राहायचे असे, ते मतदानाच्या वेळी सभागृहाबाहेर जात. २०१७ च्या डिसेंबरमध्ये सिनेटने आपले नियम बदलले आणि त्यानंतरच्या कार्यकाळापासून तटस्थ मते विरोधात धरणे बंद झाले. तटस्थ राहण्यासाठी माणसाला दाराबाहेर जावे लागत असेल तर तो नियम लोकांना अनुपस्थित राहायला शिकवतो, आणि आमच्या सेवेची ती कळ ‘चालू’ असताना नेमके हेच करते. आमच्या नऊ जणांपैकी तिघांनी नंतर मला फोन केला. त्यांतल्या एक ज्येष्ठ सभासद म्हणाल्या, “मला विरोध करायचा नव्हता. हे माहीत असतं तर मी मतदानच केलं नसतं.” हे ऐकून मला वाईट वाटले, कारण त्या प्रत्येक मतदानात आवर्जून भाग घेतात आणि अशा सभासदाने घरी बसणे श्रेयस्कर ठरावे, अशी व्यवस्था मी माझ्या हाताने लावून दिली होती.

उलट बाजूने, कळ ‘बंद’ ठेवली तर गणपूर्तीत तटस्थांना स्थान राहत नाही. मग तटस्थ राहणारा आणि पत्रिका न उघडणारा यांत फरक काय राहिला? शिवाय गणपूर्तीची अट कडक असते तेव्हा विरोधकांना हरण्यापेक्षा गैरहजर राहणे सोयीचे होते. इटलीत कायदा रद्द करण्यासाठीच्या सार्वमताला घटनेच्या कलम ७५ नुसार पात्र मतदारांपैकी बहुसंख्यांचा सहभाग लागतो आणि तेथे विरोधकांनी मतदारांना घरीच थांबण्याचे आवाहन करणे ही नेहमीची गोष्ट आहे. परंतु त्याच सार्वमतात पेटीत टाकलेली कोरी मतपत्रिका सहभागात मोजली जाते, आणि ते बरोबरच आहे. जो आला, त्याचे येणे नाकारता येत नाही.

आणखी एक प्रकार आहे ज्याकडे सेवा बनवणाऱ्यांनी अजिबात लक्ष दिलेले दिसत नाही, आणि तो म्हणजे हितसंबंधांमुळे पाळली जाणारी तटस्थता. ठरावात स्वतःचा किंवा जवळच्या व्यक्तीचा लाभ गुंतलेला असल्यास सभासदाने मत देऊ नये, अशी अपेक्षा कोणतीही नीट चाललेली संस्था ठेवते. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम २७(३) हेच सांगते: वादांच्या शांततामय निराकरणासंबंधीच्या निर्णयांत वादातील पक्षाने मतदानापासून दूर राहावे. आता अशा सभासदाचे तटस्थ मत छेदात धरले, तर सचोटीने बाजूला झालेला माणूस प्रत्यक्षात ठराव पाडायला मदत करतो. त्याने बाजूला होऊन जो परिणाम टाळायचा होता, तोच परिणाम मोजणी त्याच्या गळ्यात घालते. अशा सभासदासाठी ‘हितसंबंधामुळे मतदानापासून दूर’ असा चौथा पर्याय या सेवेत ठेवता येत नाही; मी तो वेगळा पर्याय म्हणून टाकून पाहिला, तेव्हा यंत्रणेने त्याला ठरावाच्या बाजूचे किंवा विरोधाचे मत म्हणून गट नेमून देण्याचा आग्रह धरला.

येथे एक बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. तटस्थ मत छेदात धरणे नेहमीच चूक असते, असे मी म्हणत नाही. काही निर्णय इतके मूलभूत असतात की, त्यांना केवळ विरोधापेक्षा अधिक पाठिंबा पुरत नाही, ठरावीक संख्येने सक्रिय संमती हवी असते. जर्मनीच्या बुंडेसराटमध्ये, म्हणजे राज्य सरकारांच्या प्रतिनिधींच्या सभागृहात, एकूण ६९ मतांपैकी किमान ३५ मते बाजूने लागतात, त्यामुळे तेथे तटस्थ राहणे हे परिणामाच्या दृष्टीने नकारच ठरते आणि ही गोष्ट तेथील प्रत्येक राज्य सरकार जाणून असते. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत १५ पैकी ९ होकारार्थी मते लागतात, म्हणजे तटस्थ सदस्य या मोजणीत ठरावाला मदत करत नाही. परंतु कायम सदस्याची तटस्थता नकाराधिकार मानली जात नाही, ही प्रथा आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९७१ च्या नामिबियाविषयक सल्लामतात मान्य केली आहे. म्हणूनच २०११ मध्ये लिबियाविषयीचा ठराव क्रमांक १९७३ हा दहा बाजूने, शून्य विरोधात आणि पाच तटस्थ अशा मतांनी संमत झाला आणि त्या पाचांत दोन कायम सदस्य होते. तटस्थतेचा एकाच सभागृहात एका अटीवर एक आणि दुसऱ्या अटीवर वेगळा परिणाम होतो, आणि तरीही गोंधळ होत नाही, कारण मत देणाऱ्याला दोन्ही परिणाम आधीच ठाऊक असतात.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला स्वीडनची संसद आहे, जेथे पंतप्रधानपदाच्या उमेदवाराविरुद्ध निम्म्याहून अधिक, म्हणजे ३४९ पैकी किमान १७५ सदस्यांनी मत दिले नाही, तर उमेदवार स्वीकारला जातो. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी माग्दालेना अँडरसन यांच्या बाजूने ११७ आणि विरोधात १७४ मते पडली, ५७ सदस्य तटस्थ राहिले, आणि त्या निवडून आल्या. बाहेरच्या माणसाला हा निकाल उलटा वाटेल. परंतु तेथे तटस्थतेचा अर्थ ‘मी आडवा येत नाही’ असा ठरलेला आहे आणि सदस्य तो अर्थ मनात धरूनच बटण दाबतात. माझा आग्रह याच गोष्टीचा आहे. नियम कोणताही निवडा, पण तो मतपत्रिका उघडण्यापूर्वी लिहिलेला असला पाहिजे आणि मतदाराच्या डोळ्यांसमोर असला पाहिजे. या सेवेत मतदाराच्या पडद्यावर तटस्थ पर्यायाखाली एक ओळही लिहिता येत नाही. जी टीप देता येते ती प्रश्नाच्या वर येते आणि मोबाइलवर दुमडून झाकली जाते.

एकाहून अधिक प्रश्न असलेल्या मतपत्रिकेत तर परिस्थिती आणखी बिकट आहे. पहिला प्रश्न सोडवून जो पुढचे प्रश्न तसेच सोडून देतो, त्याची उरलेली उत्तरे यंत्रणा ‘तटस्थ’ म्हणून नोंदवते. प्रश्न न पाहणे, पाहून कोरा ठेवणे आणि विचार करून तटस्थ राहणे या तीन वेगवेगळ्या कृती आहेत. कागदी मतपत्रिकेवर कोरी जागा कोरीच राहत असे आणि मोजणी करणारे तिला कोरीच म्हणत. येथे संगणकाने मतदाराच्या तोंडी न बोललेला शब्द घातला आहे. आमच्या चौथ्या मतदानात चार प्रश्न होते आणि शेवटच्या प्रश्नावरील तटस्थ मतांचा आकडा फुगलेला पाहून मला प्रथम वाटले की, सभासदांना त्या विषयात रस नाही. नंतर मूळ नोंदी उतरवून पाहिल्या तेव्हा बरीचशी माणसे त्या प्रश्नापर्यंत पोहोचलीच नव्हती, हे लक्षात आले.

निकालाच्या वर्तुळाकार आलेखाविषयीही एक तक्रार आहे. कळ कशीही असो, आलेखात तीनही पर्यायांचे तुकडे एकाच वर्तुळात दाखवले जातात. आमच्या ठरावाच्या आलेखात ६१.२, २५.४ आणि १३.४ असे आकडे होते आणि सभासदांनी इतरांना पाठवला तो हाच आलेख. तटस्थ मते निकालात जरूर जाहीर करावीत, ती लपवू नयेत, कारण नऊ जणांना ठराव पुरेसा समजला नाही ही कार्यकारिणीसाठी मोलाची माहिती आहे; पण ती संख्येने शेजारी द्यावीत, टक्केवारीच्या वर्तुळात मिसळू नयेत.

पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीबद्दल थोडक्यात. जेथे सर्वाधिक मते मिळवणारा निवडून येतो तेथे तटस्थ मताने काही बिघडत नाही, आणि सेवा त्या मोजणीत चोख आहे. मात्र एकाच जागेसाठी एकच उमेदवार असेल तर ‘तटस्थ’ हा पर्याय पुरेसा नाही, तेथे नाकारण्याचा पर्याय हवा. तटस्थता आणि नकार यांत पुष्कळदा गल्लत होते, भारतात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आलेल्या ‘नोटा’लाही अनेक जण तटस्थ मत समजतात, परंतु ‘यांपैकी कोणीही नको’ हे एक मत आहे आणि ‘मला मत नाही’ हे वेगळे. मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या डेबियन प्रकल्पाच्या निवडणुकीत ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय उमेदवारांसोबत पसंतीक्रमात उभा असतो आणि त्याच्याकडून हरलेला उमेदवार निवडून येऊ शकत नाही. अशी सोय या सेवेत करता येते, हे तिच्या बाजूने नोंदवतो.

सेवेच्या मदत विभागाला मी सविस्तर पत्र लिहिले. उत्तर दुसऱ्याच दिवशी आले, ते सौजन्यपूर्ण होते, आणि दोन स्वतंत्र कळांची सूचना विकासकांकडे पाठवली आहे असे त्यात म्हटले होते. त्यानंतर सात महिने झाले, कळ अजून एकच आहे.

त्या अडकलेल्या ठरावाचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. कार्यकारिणीत काहींचे म्हणणे होते की, ७०.७ टक्के हाच खरा निकाल धरून ठराव संमत जाहीर करावा. मी त्याला विरोध केला. आमच्या नियमावलीतील ‘मतदानात भाग घेतलेल्यांच्या’ हे शब्द दोन्ही अर्थांनी वाचता येत होते, आणि आकडे हाती आल्यावर सोयीचा अर्थ निवडणे हे त्या कळीपेक्षाही वाईट ठरले असते. जाहीर झालेला निकाल आम्ही तसाच ठेवला, सर्वसाधारण सभेत नियमाचे शब्द स्पष्ट करून घेतले आणि तोच ठराव पुन्हा मतदानाला ठेवला. हे आमचे चौथे मतदान. त्यात त्या ठरावावर विचारपूर्वक तटस्थ राहिलेल्यांची संख्या ९ वरून ४ वर आली आणि ठराव संमत झाला.

सेवा आम्ही सोडलेली नाही, कारण गुप्तता आणि मतदारयादीची सुरक्षितता या बाबतींत तिच्यावर माझा विश्वास आहे. मात्र ज्या संस्थांच्या नियमावलीत गणपूर्ती आणि विशेष बहुमत या दोन्ही अटी आहेत, त्यांनी तिचे निकालपत्र अंतिम मानू नये. आम्ही आता कळ ‘चालू’ ठेवून गणपूर्ती तपासतो, मूळ आकडे उतरवून घेतो, कोऱ्या नोंदी हाताने वेगळ्या करतो आणि टक्केवारी दोन सभासदांसमोर कागदावर मांडतो. टीप दुमडली जात असल्यामुळे ती आम्ही प्रश्नाच्या मजकुरातच घालतो. पुढच्या महिन्याच्या मतपत्रिकेवर प्रत्येक प्रश्नाचे शेवटचे वाक्य असे आहे: “तटस्थ मत गणपूर्तीत धरले जाईल, बहुमताचे प्रमाण केवळ बाजूच्या आणि विरोधातील मतांवरून काढले जाईल.”